सांगलीत ऑडी टीटीला १८ काढून २० इंची अलॉय बसवावेत का?

२० नको. १९ वर थांबा, आणि तेही सध्याचे टायर संपत आले असतील तरच. साताऱ्यात आमचं टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, म्हणजे तुम्ही मोठे टायर घेतलेत तर फायदा आमच्यासारख्यांचाच. तरी सांगतोय.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दुसऱ्या पिढीची, सेकंडहँड घेतलेली टीटी क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणारी), कंपनीच्या १८ इंची डिस्क (म्हणजे टायर ज्यावर चढतो ते अलॉय), त्यावर २४५/४० टायर. गाडी रोज सांगली-मिरज, अधूनमधून पुणे, आणि पावसाळा लागला की मित्रांबरोबर महाबळेश्वर. सांगलीतल्या मॉडिफिकेशनवाल्याने २० इंची, साडेआठ जे (म्हणजे साडेआठ इंच) रुंदीच्या, ऑफसेट ३५ च्या (ते काय, पुढे सांगतो) डिस्क दाखवल्या आणि त्यावर २५५/३५ टायर टाकू म्हणाला. ‘आरामात बसतात, काही घासत नाही’ असं त्याचं म्हणणं, आणि एवढ्यावर पैसे द्यावेत का असा तुमचा प्रश्न.

जॅकवर उचललेल्या गाडीला काहीही बसतं हो. गाडी खाली उतरली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, शेजारी एक माणूस आणि डिकीत दोन बॅगा घेऊन खड्ड्यात गेली, की मग कळतं. म्हणून आधी कागदावर हिशोब करू, त्याला पैसे पडत नाहीत.

२४५/४० आर १८ मध्ये २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के साइडवॉल, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, म्हणजे ९८ मिलिमीटर. १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. डिस्कच्या वर एक साइडवॉल आणि खाली एक, असं धरलं की चाकाची उंची ६५३ भरते. आता त्याने सांगितलेला २५५/३५ आर २० मांडा. साइडवॉल ८९, डिस्क ५०८, एकूण ६८६. चाक तब्बल ३३ मिलिमीटरनी उंच झालं, पाच टक्क्यांनी. मीटरवर १०० दिसत असताना चाक आधीपेक्षा पाच टक्के जास्त अंतर कापतंय. कंपनीचे मीटर मुळात खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतात, कारण युरोपच्या नियमाप्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवून चालत नाही. ती राखून ठेवलेली जागा तुम्ही एका फटक्यात खाऊन टाकता. वर गिअरिंग लांब होतं, म्हणजे ज्या पिकअपसाठी ही गाडी घेतली तोच थोडा मरतो. आणि चाक मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकपर्यंत सोळा-सतरा मिलिमीटर जवळ जातं ते वेगळंच.

गंमत म्हणजे २५५/३५ हा आकडा चुकीचा नाही, तो १९ च्या डिस्कसाठीचा आहे. दुसऱ्या पिढीच्या टीटीला कंपनीच पर्याय म्हणून १९ इंची चाकं देत होती, २५५/३५ वरच. त्याची उंची ६६१, म्हणजे सव्वा टक्क्याचा फरक. साइडवॉल तीच ८९, आत्ताच्यापेक्षा फक्त नऊ मिलिमीटर कमी. २० इंचीत उंची राखायची तर २५५/३० किंवा २४५/३० घ्यावा लागतो, आणि २४५/३० ची साइडवॉल साडेत्र्याहत्तर मिलिमीटर. तीन इंचसुद्धा नाही. ‘पण कंपनी २० पण देते की’ असं कुणीतरी खाली लिहील, म्हणून आधीच सांगतो: देते, तिसऱ्या पिढीच्या काही गाड्यांना, पण २५५/३० वर. आणि त्या गाड्यांच्या वाट्याला आपल्याकडचे खड्ड्यांचे रस्ते आलेले नसतात. त्या रस्त्यांचं नाव काढलं की सांगलीकर काय बोलतात ते मी इथे लिहायला नको.

दुकानात येणाऱ्या मोठ्या चाकांच्या गाड्यांत एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. मालक म्हणतो स्टिअरिंग थरथरतंय, बॅलन्सिंग करून द्या. बाहेरून डिस्क चकाचक, ओरखडासुद्धा नाही. चाक उतरवून मशीनवर चढवायचं आणि हाताने सावकाश फिरवायचं. आतल्या बाजूची कड, जी गाडीवर असताना कुणालाच दिसत नाही, एका जागी आत दबलेली असते. तिथे साबणाचं पाणी टाकलं की बारीक बुडबुडे यायला लागतात. म्हणजे हवा रोज थोडी थोडी जात होती, मालक दर आठवड्याला भरून घेत होता, आणि त्याला वाटत होतं व्हॉल्व्ह खराब आहे. त्याच टायरच्या साइडवॉलवर बऱ्याचदा अंगठ्याएवढा फुगा असतो. खड्ड्याच्या कडेवर टायर डिस्क आणि डांबर यांच्यात चिमटला, आतले धागे तुटले, आणि आता तिथे फक्त रबर हवा धरून आहे. तो टायर गेला, त्याला उपाय नाही. साइडवॉलला पंक्चर काढत नाहीत, फुगा तर नाहीच नाही. कुणी ‘आतून पॅच मारतो’ म्हणाला तर त्याला दुरूनच नमस्कार करा.

हा मार बसतो कुठे? महामार्गावर फारसा नाही. गावातले बिनरंगाचे स्पीडब्रेकर, पुलाच्या तोंडाचा खाचा, काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी. उसाचा सीझन सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागून ओव्हरटेक करताना समोरचा रस्ताच दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा खड्डा चाकाखाली असतो. पावसात पसरणी घाटात किंवा यवतेश्वरकडून कासला जाताना पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. अशा ठिकाणी तुमच्याजवळ काय असतं? साइडवॉलचे मिलिमीटर. डिस्क एक इंचाने मोठी आणि चाकाची उंची तीच, की दर वेळी त्यातले साडेबारा जातात.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. २० इंची, ३० सिरीजचा टायर सातारा-सांगलीत कुणी गोडाऊनला ठेवत नाही. पुण्याहून मागवायचा, तोवर गाडी उभी. क्वाट्रो असल्यामुळे चार टायरपैकी एकच नवा टाकून भागत नाही, कारण नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक बघून मागच्या चाकांना ताकद पाठवणाऱ्या क्लचला वाटतं कुठलंतरी चाक घसरतंय. बाकीचे जवळजवळ नवे असतील तर एक चालून जाईल, अर्धे संपले असतील तर नाही. म्हणजे एका खड्ड्याचं बिल चार टायरचं येऊ शकतं.

आता ऑफसेट. ही गोष्ट लोक सोडून देतात आणि पुढे बेअरिंगच्या आवाजाने हैराण होतात. ऑफसेट म्हणजे डिस्क हबला (गाडीचा फिरणारा भाग, ज्यावर चाक बोल्टने बसतं) जिथे टेकते ती जागा डिस्कच्या मधोमधपासून किती बाहेरच्या अंगाला आहे, ते मिलिमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक गाडीबाहेर सरकतं. तुमच्या कंपनीच्या डिस्क बहुधा ९ जे, ऑफसेट ५२ च्या असतील. डिस्कच्या मागच्या बाजूला ते कोरलेलं असतं, एकदा चाक काढून बघा. ९ जे म्हणजे साधारण २२९ मिलिमीटर. निम्मे ११४, त्यातून ५२ वजा, म्हणजे डिस्कची बाहेरची कड हबपासून ६२ वर. मॉडिफिकेशनवाल्याची साडेआठ जे, ऑफसेट ३५: निम्मे १०८, वजा ३५, म्हणजे ७३. कड ११ मिलिमीटर बाहेर. शिवाय टायर १० मिलिमीटर रुंद आणि त्याचा मध्य १७ ने बाहेर सरकलेला, म्हणजे टायरचा गाल ढोबळमानाने २० मिलिमीटर बाहेर. टीटीच्या मडगार्डची कड आधीच टायरला लगटून आहे. मागे वजन आलं की तीच कड टायर सोलत जाणार. आणि न घासलं तरी बाहेर आलेलं चाक बेअरिंगवर जास्त तरफेने ताण देतं, खराब रस्त्यावर स्टिअरिंग चाकोरीकडे ओढायला लागतं, आणि दारं चिखलाने रंगतात.

बाजारातून घ्यायच्याच असतील तर १९ इंची, साडेआठ जे, ऑफसेट ४५ शोधा. त्याच हिशोबाने कड ६३ वर येते, म्हणजे कंपनीची होती तिथेच, आणि आतल्या बाजूला शॉकअपपासून उलट जागा वाढते. ९ जे मिळाल्या तर ऑफसेट ५२ च्या आसपासच हव्या. ‘ऑफसेट ३५ आहे, स्पेसर (चाक बाहेर सरकवायची चकती) लागणार नाही’ हे जो कौतुक म्हणून सांगतो त्याने तुमची गाडी मोजलेली नाही.

पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, पाच बोल्टांचा ११२ जुळला म्हणजे जुळलं सगळं, असंही नाही. मर्सिडीजचाही ११२ असतो, म्हणून बाजारातल्या बऱ्याच डिस्कचं मधलं भोक ६६.६ चं असतं. तुमच्या हबचं माप ५७.१. मधल्या साडेनऊ मिलिमीटरच्या पोकळीत हब रिंग बसवली नाही तर चाक फक्त बोल्टांच्या भरवशावर मध्यावर येतं, नेमकं कधीच येत नाही, आणि ९०-१०० च्या वेगाला गाडी थरथरते. मग मालक दर महिन्याला बॅलन्सिंग करत बसतो. रिंग साधी असते, नगण्य किमतीची, पण आठवणीने मागून घ्यावी लागते.

बोल्टांचं तर मी हात जोडून सांगतो. ऑडीचे मूळ बोल्ट डिस्कमध्ये बसतात ती बाजू गोल असते, आणि बाजारातल्या बहुतेक डिस्कची बैठक शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूत टाकला की तो एका बारीक रेघेवर टेकतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढे ढिला होतो. नव्या डिस्कबरोबर त्याच बैठकीचे, एम १४, दीड पिचचे, योग्य लांबीचे वीस बोल्ट नवे घ्या. इम्पॅक्ट गनने ठोकून सोडू देऊ नका, टॉर्क पाना लावायला लावा, १२० न्यूटन मीटर. आणि शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासून घ्या.

वजनाबद्दल विक्रेता कधीच बोलत नाही, म्हणून तुम्ही विचारा. दुकानात काटा असतो, डिस्क त्यावर ठेवायला सांगा, तुमची जुनी पण ठेवा. ओतीव २० इंची डिस्क अनेकदा मूळच्या १८ पेक्षा किलो-दोन किलो जड निघते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाच्या परिघाकडे गेलेलं असतं. तिथला एक किलो डिकीतल्या किलोपेक्षा फार महाग पडतो. पिकअप सुस्त, ब्रेकला जास्त काम, खड्ड्यात शॉकअपला जास्त झटका. फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर कड दाबून लाटलेल्या) डिस्क पैशाने जास्त पण वजनाने कमी आणि कडेला मजबूत असतात. फोर्ज्ड (ओतण्याऐवजी दाबून घडवलेल्या) त्याहून भारी, खिशालाही. या दोन्हीत बसत नसेल तर कंपनीच्याच वापरलेल्या १९ इंची डिस्क शोधा, त्या मला बाजारातल्या नव्या नकलांपेक्षा कधीही चालतील. फक्त आतली बाजू बघून घ्या. आतून नवाकोरा रंग मारलेला असेल तर त्याखाली वेल्डिंग आहे का ते बोट फिरवून पाहा, आणि टायर न चढवता नुसती डिस्क मशीनवर फिरवून बघा. वेल्डिंग केलेली डिस्क या गाडीला घेऊ नका, फुकट दिली तरी.

नवी घेताना मागच्या बाजूला जेडब्ल्यूएलची, म्हणजे अलॉय चाकांच्या जपानी मानकाची खूण आणि किलोमध्ये कमाल भार कोरलेला असतो. तुमच्या गाडीच्या एक्सलवरचा कमाल भार कंपनीच्या प्लेटवर लिहिलेला असतो, त्याच्या निम्म्यापेक्षा डिस्कचा आकडा आरामात जास्त हवा. खूण नुसती ओतता येते हेही खरं, म्हणून बिल, कंपनीचं नाव आणि वॉरंटी नसेल तर त्या खुणेला काही अर्थ नाही.

टायरचं लवकर आटोपतो. २५५/३५ आर १९ मध्ये ९६ लोड इंडेक्सचा एक्सएल (जास्त भार पेलणारा) टायर मिळतो, ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो. स्पीड रेटिंग डब्ल्यू किंवा वाय, म्हणजे २७० किंवा ३०० पर्यंतचं. एवढं पळवणार नाही हे मला माहीत आहे, पण त्या टायरची बांधणी वळणात आणि उन्हात तापल्यावर टिकते, ती तुम्हाला हवी आहे. एक्सएलचा हा भार २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआय हवेवर धरलेला असतो, साध्या टायरचा २.५ वर. म्हणून जुन्या चाकांची हवा नव्यांना डोळे मिटून भरू नका. गाडीवरच्या स्टिकरवर १९ इंचीचा आकडा असेल तर तो पाळा, नसेल तर टायर कंपनीचा तक्ता बघून ठरवा. साइडवॉलवरचा चार अंकी आकडा वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. कमी खपाच्या साइजचे टायर गोडाऊनला म्हातारे होतात, तेव्हा वर्षापेक्षा जुना माल असेल तर नाही म्हणा. आणि पावसात महाबळेश्वरला जाणार असाल तर नुसत्या कोरड्या रस्त्याचे ट्रॅक टायर नकोत, खोल आणि रुंद उभ्या खाचा असलेले घ्या. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर कुणी टेप घेऊन चाक मोजत नाही हे मान्य, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मोजतो. कंपनीनेच त्या मॉडेलला दिलेली साइज असेल तर तुमच्याकडे बोलायला जागा राहते. मडगार्डबाहेर आलेल्या २० इंचीला काय बोलणार? काही झालं तरी विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या.

पैसे देण्याआधी एकच डिस्क टायरसकट पुढे आणि मागे लावून बघायचा आग्रह धरा. मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला आणि कडेला ओला खडू फासा, गाडीत दोन जाडजूड मित्र बसवा, पुढे असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग एखाद्या स्पीडब्रेकरवरून तिरकी न्या. परत येऊन खडू कुठे पुसला गेलाय ते बघा. टायरवर पांढरा पट्टा दिसला की सौदा रद्द. नाही म्हणणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान बघा, सांगली-कोल्हापुरात दुकानांना तोटा नाही.

बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्या. आणि जुन्या १८ च्या डिस्क लगेच एक्सचेंजला देऊ नका. तो भाव पाडूनच घेणार, आणि उद्या गाडी विकायला काढलीत तर पहिलं गिऱ्हाईक हेच विचारणार, ‘ओरिजिनल चाकं आहेत का?’ जून ते ऑक्टोबर त्याच चढवून ठेवल्यात तरी चालेल, चार बोल्ट-पान्यांचं काम आहे. बोल्ट मात्र जुने गोल बैठकीचेच वापरायचे, दोन डब्यांवर नावं घालून ठेवा.